मुलांची सायकल आणि पालकांचा वाटा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ज्ञातीचा इतिहास, संतशिरोमणी नामदेवरायांची शिकवण, वधूवरांचा प्रश्न, हे विषय आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी या व्यासपीठावरून वेळोवेळी मांडलेले आहेत. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि या जिल्ह्याच्या प्राथमिक शाळांत आयुष्य घालविलेले शिक्षक. आमची विद्या खडू आणि फळा यांच्यापुरती. म्हणून आम्ही आज एक घरगुती विषय निवडला आहे. मुलगा किंवा मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली, म्हणजे एके दिवशी जेवताना हळूच म्हणते, "मला सायकल पाहिजे. थोडे पैसे मी जमविते, उरलेले तुम्ही घाला." यावर आईबापांनी काय उत्तर द्यावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

कोणी म्हणतील, हा काय भाषणाचा विषय झाला? सायकल घ्यावयाची तर घ्यावी, नाही तर नाही म्हणावे. परंतु एवढ्या लहान प्रश्नावरून घरातील एक मोठी गोष्ट ठरत असते, असा आमचा अनुभव आहे. आईबापांचा शब्द मुलांच्या लेखी किती किमतीचा, हे त्या वयात ठरते आणि बहुधा जन्मभर तसेच राहते.

प्रथम ही मागणी नेमकी याच वयात का येते, ते पाहू. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची 3 किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. परंतु या कायद्याचा हात आठवीपर्यंतच पोहोचतो. नववीचा वर्ग किती अंतरावर असावा, याचे बंधन त्यात नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके. बालाघाटच्या माथ्यावर व उतारावर विखुरलेली गावे आणि त्यांहून विखुरलेल्या वाड्या, तांडे, वस्त्या. भूम-वाशीकडचा डोंगराळ भाग असो की उमरगा-लोहाऱ्याकडची काळी माती, गावची शाळा सातवी-आठवीला संपते आणि हायस्कूल चार-सहा किलोमीटरांवरच्या मोठ्या गावी असते. 2018 साली नीती आयोगाने विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांना पुढे आणण्यासाठी जी यादी केली, तीत महाराष्ट्रातील चारच जिल्हे होते, आणि त्यांत आपला एक होता. तेव्हा सायकल मागणारे प्रत्येक पोर चैनीसाठी मागते, असे समजणे अन्यायाचे आहे. पुष्कळदा ते शाळेचा रस्ता मागत असते.

एस. टी. आहे, असे आपण म्हणाल. आहे, आणि तिचे उपकारही आहेत. मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेखाली मोफत पास मिळतो, मुलांनाही पासात मोठी सवलत आहे. परंतु शाळा सुटण्याची वेळ आणि गाडीची वेळ यांचे गोत्र नेहमीच जुळते असे नाही. आणि 2021 च्या ऑक्टोबरअखेरीपासून 2022 च्या एप्रिलपर्यंत जो संप चालला, तो कोणाच्या स्मरणात नाही? करोनाच्या साथीने बंद पडलेल्या शाळा नुकत्या कोठे उघडल्या होत्या, आणि गाड्या थांबल्या. त्या महिन्यांत ज्याच्या दारात सायकल होती त्याचे पोर शाळेत पोहोचले. ज्याच्या दारात नव्हती, त्याचे पोर पायी गेले, नाही तर घरी बसले. घरी बसलेल्यांपैकी काही पुन्हा शाळेत आलीच नाहीत.

आता आईबाप सामान्यतः कोणती उत्तरे देतात, त्याचा विचार करू. ती तीन प्रकारची असतात.

पहिले उत्तर म्हणजे सरळ नकार. "आम्ही काय सायकलीवर शिकलो? अनवाणी चालत गेलो." हे म्हणणे खरे असले तरी उत्तर म्हणून अपुरे आहे. आपण अनवाणी गेलो म्हणून आपल्या मुलांच्या पायांतील वहाणा आपण काढून घेत नाही. नकार देणे हा पालकांचा अधिकार आहे, आणि ज्या घरी खरोखरच पैका नाही तेथे नकारात कमीपणा नाही. परंतु त्याचे कारण मुलास सांगितले पाहिजे. "या वर्षी सोयाबीन पाण्यात गेले, दुकानाचे भाडे थकले आहे, दिवाळीनंतर पाहू," असे समजावून सांगितलेले मूल रुसते, पण दुरावत नाही. "चूप बैस" एवढ्यावर बोळवण झालेले मूल मात्र पुढे काही मागण्याचे सोडते. आणि मुलाने मागणे सोडले, म्हणजे ते सांगणेही सोडते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट. मुलाने तोंडातून शब्द काढावा आणि बापाने उसनवारी करून गिअरची, जाड टायरांची, झगझगीत सायकल दारात उभी करावी. आज साधी सायकल साधारण पाच ते सात हजारांत मिळते, आणि हौसेची त्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीची असते. एकुलते एक म्हणून, शेजाऱ्याने घेतली म्हणून, किंवा पाहुण्यांत मान राहावा म्हणून अशी खरेदी होते. आपण शिंपी लोक. कापड पाहून बेतावे, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. तीन मीटर कापडात चार मीटरचा कोट बेतला, तर पुढे बाही तोकडी पडणारच. शिवाय फुकट आलेली वस्तू मुले कशी वापरतात, हे शाळेच्या आवारात आम्ही पुष्कळ पाहिले आहे. पहिल्या पावसात ती भिजत पडते, साखळीला तेल नसते, आणि सहा महिन्यांत घंटीखेरीज तिचे सर्व भाग वाजू लागतात.

तिसरे उत्तर सर्वांत घातक. "आता सायकल कशाला? दहावी पास हो, मोटारसायकलच घेऊन देतो." हे ऐकावयास उदार वाटते. परंतु दहावीचा मुलगा सोळा वर्षांचा असतो, आणि गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. 2019 साली मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांकरिता रद्द, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी ती तरतूद आहे. दंडाचे एक वेळ राहू द्या. दंड भरता येतो. परंतु सोलापूर-धाराशिव रस्त्यावरून भरधाव ट्रक धावत असतात, आणि तेथे गेलेले पोर कोणत्याही रकमेने परत येत नाही. सहा हजारांची सायकल नाकारून लाखाची मोटारसायकल कबूल करणारा बाप पैसा वाचवीत नाही, मुलाचे रक्षणही करीत नाही.

मग योग्य उत्तर कोणते? ते सांगण्यापूर्वी सायकलीविषयी थोडी जुनी हकीकत सांगू, कारण तिच्यात आपल्या समाजालाही एक धडा आहे.

एके काळी सायकल ही श्रीमंतांची वस्तू होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंसह बेळगावात 1888 साली उद्योगाचा आरंभ केला, तो सायकलींच्या व्यवसायानेच. पुढे लोखंडी नांगर आला आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसली. स्वातंत्र्यानंतर 1951 साली सोनीपतला ॲटलासचा आणि 1956 साली लुधियान्याला हीरोचा कारखाना निघाला, आणि सायकल हळूहळू शिक्षक, पोस्टमन, दूधवाला, कारागीर यांच्या आवाक्यात आली. आपल्या ज्ञातीत तर ती पोटाचे साधन झाली. मागच्या कॅरिअरवर शिलाईयंत्राचे डोके दोरीने करकचून बांधावे आणि आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, असे फिरत शिवणकाम करावे, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी केलेले आहे. मुले बाजारच्या दुकानातून तासाच्या भाड्याने सायकल आणीत आणि नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकत. गुडघे फुटत, पण घरी कोणी विचारीत नसे.

परंतु त्याच काळात सायकल आणखी एका ठिकाणी जाऊन बसली होती. ती जागा म्हणजे हुंड्याची यादी. सायकल, घड्याळ आणि रेडिओ या तीन वस्तूंखेरीज जावई मांडवात बसत नसे. 1961 साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी ही यादी पुष्कळ वर्षे चालूच राहिली. म्हणजे मुलीच्या बापाने कर्ज काढून सायकल घ्यावयाची, ती जावयाने चालवावयाची, आणि जिच्यासाठी ती घेतली त्या मुलीने तिच्या मागच्या कॅरिअरवर, तेही सासूबाईंनी परवानगी दिली तरच, बसावयाचे. भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकींच्या माहेराहून अशी सायकल गेली असेल. तिच्या हँडलला आपला हात किती वेळा लागला, हे आपणच सांगू शकाल.

आता काळ पालटला आहे. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात 1991 साली साक्षरतेची चळवळ चालू असता जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या प्रोत्साहनाने खेड्यांतील हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. आरंभी लोक हसले, टोमणे मारले, पण शेतमजूर व खाणकामगार स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. बिहार राज्यात 2006 पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात येऊ लागले. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला व 2017 साली तो प्रसिद्ध झाला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे सुमारे 32 टक्क्यांनी वाढले, आणि हायस्कूल दूर असलेल्या गावांत ही वाढ विशेष दिसली. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान देण्याची योजना आहे. ही रक्कम पूर्वी 3,500 रुपये होती, ती 2022 साली 5,000 करण्यात आली. आपल्या तालुक्यास व आपल्या मुलीस ती लागू पडते की काय, हे प्रत्येक पालकाने शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जाऊन विचारावे. विचारण्यास पैसा पडत नाही.

हे सांगण्याचा हेतू एवढाच की, सायकलीचा विचार करताना मुलगा आणि मुलगी असा भेद करू नये. मुलगा नववीत गेला की सायकल आणि मुलगी नववीत गेली की स्थळ, हा रिवाज आपल्या ज्ञातीतून पुरता गेलेला नाही. मुलीस सायकल देण्यास भीती वाटते ती रस्त्याची, हे आम्ही जाणतो. ती भीती खोटी नाही. परंतु तिच्यावर उपाय आहे. एकाच वस्तीवरील तीन-चार मुलींनी मिळून जावे, मिळून यावे. जेथे चार सायकली एकत्र चालतात, तेथे टवाळखोराची हिंमत होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमचे मत असे की, आईबापांनी सायकलीत वाटा घालावा. सर्व रक्कम देऊ नये, सर्व मुलावरही टाकू नये. आणि तो वाटा किती, कधी व कसा, हे पहिल्याच दिवशी ठरवून वहीत लिहावे.

उदाहरणादाखल सायकल सहा हजारांची धरू. मुलाने वर्षभर दरमहा 200 रुपये जमविले, तर 2,400 होतात. उरलेले 3,600 आईबापांनी घालावयाचे. आपल्या धंद्यात पैसा बारमाही सारखा येत नाही. तयार कपड्यांनी गिऱ्हाईक ओढून नेल्यापासून तर लग्नसराई आणि दिवाळी याच दोन सुगी उरल्या आहेत. तेव्हा आपला वाटाही दोन भागांत, 1,800 लग्नसराईत आणि 1,800 दिवाळीत, बाजूला काढावा. सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरील कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे जो चार पैशांचा फरक पडतो, त्यातून कुलूप आणि हवेचा पंप घ्यावा. पुढील पंक्चर, ब्रेक, तेलपाणी यांचा खर्च मुलाने सोसावा.

मुलाने पैसे कोठून आणावयाचे? आपल्या घरीच काम आहे. काजे करणे, बटणे लावणे, तुरपाई, इस्त्री, साडीला फॉल लावणे, गिऱ्हाइकाच्या घरी कपडे पोहोचविणे. यांचा ठरीव मोबदला मुलास द्यावा आणि तो वहीत मांडावा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' या मार्गाने गोरगरिबांची मुले शिकविली. श्रमाने शिक्षण अडत नाही, उलट त्यास धार येते, हे त्यांनी दाखवून दिले. परंतु यास मर्यादा आहे. 2016 साली दुरुस्त झालेल्या कायद्याप्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाने घरच्या धंद्यात मदत करावयाची ती शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीतच. मोठ्या मुलांच्या बाबतीतही हाच नियम ठेवावा. सायकल शाळेसाठी आहे. सायकलीसाठी शाळा बुडू लागली, तर सगळाच हिशेब उलटा होतो.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी आम्ही मुख्यतः उभे राहिलो, ती सांगतो. मुलाने जमविलेल्या पैशाला घरातील कोणीही हात लावू नये.

कळंब तालुक्यातील एका गावी आमच्या माहितीचे एक शिंपी कुटुंब आहे. मुलगा नववीत. बापाने कबूल केले की, निम्मे तू जमव, निम्मे मी घालीन. मुलाने दहा महिने रात्री काजे-बटणे करून 2,300 रुपये डब्यात जमविले. इतक्यात घरी बहिणीच्या सोयरिकीचे पाहुणे आले, खर्च निघाला, आणि बापाने तो डबा रिकामा केला. त्यात दुष्ट हेतू नव्हता. अडचण खरी होती, आणि पुढे देऊ असे मनातही होते. परंतु मुलास कोणी काही सांगितले नाही. त्यानेच एके दिवशी डबा उघडला, पुन्हा लावला आणि जागेवर ठेवला. सहा महिन्यांनी तो बाप आमच्याकडे आला व म्हणाला, "गुरुजी, पोरगं आताशा ऐकंना झालंय. कामाला बस म्हणलं की उठून जातंय. शाळेतबी लक्ष न्हाई."

आम्ही म्हटले, "ऐकत नाही असे कसे? तुम्ही शब्दाने जे सांगितले ते त्याने दहा महिने ऐकले. तुम्ही कृतीने जे सांगितले, ते तो आता ऐकतो आहे."

तो बाप भला माणूस होता. त्याने घरी जाऊन मुलास जवळ बसविले, घेतलेली रक्कम वहीत स्वतःच्या नावे उधार मांडली, आणि महिन्याला 300 रुपयांप्रमाणे परत केली. दिवाळीत आपला वाटा घालून एक जुनी, पण धड सायकल घेतली. मुलगा आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकतो. सायकलीमुळेच हे घडले, असा आमचा दावा नाही. परंतु त्या वहीतील उधारीने बापाचा शब्द पुन्हा चालू लागला, एवढे आम्ही स्वतः पाहिले आहे.

बंधूंनो, आपण गिऱ्हाइकाचे कापड घेतो तेव्हा उरलेला तुकडासुद्धा परत करतो, कारण पेठेत आपली पत असते. तीच पत घरातही असते. गिऱ्हाईक फार तर दुसऱ्या दुकानी जाईल, पण मुलाला दुसरा बाप करता येत नाही. म्हणून ते दुकान सोडून जात नाही, नुसते गप्प होते.

येथे जमलेल्या मुलामुलींनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. आईबापांनी अर्धा वाटा घातला म्हणजे सायकल अर्धी त्यांचीही झाली. दळण आणावयाचे, आजोबांचे औषध आणावयाचे, तेव्हा तोंड वाकडे करू नका. धाकट्या बहिणीला शिकवा. मागे लाल परावर्तक लावा, रस्त्याच्या डाव्या बाजूने चला, आणि कानात यंत्र घालून गाणी ऐकत सायकल हाकू नका. आणि बापाने या वर्षी जमत नाही म्हटले, तर त्याच्या तोंडाकडे नीट पाहा. पुष्कळदा नकार देणाऱ्याला मागणाऱ्याहून अधिक दुःख झालेले असते.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना. आपण दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. शाल, श्रीफळ व सन्मानचिन्ह देतो. सन्मानचिन्ह कपाटात राहते. त्यातील काही खर्च वाचवून एक लहानसा सायकल-निधी उभारावा. ज्या घरी मुलाने आपला वाटा जमविला आहे, परंतु दुष्काळामुळे, आजारपणामुळे किंवा बापाच्या निधनाने पालकांचा वाटा अडला आहे, तेथे तेवढीच तूट मंडळाने भरावी. तसेच शहरात स्थायिक झालेल्या ज्ञातिबांधवांच्या गच्चीवर व जिन्याखाली चांगल्या सायकली गंजत पडलेल्या असतात. त्या मागून आणाव्यात, दुरुस्त कराव्यात आणि खेड्यांतील मुलींना प्रथम द्याव्यात. यास मोठ्या देणग्यांची आवश्यकता नाही. एखादा टेम्पो आणि दोन उत्साही तरुण पुरेत.

आमचे बोलणे लांबले.  या वर्षी ज्या घरी मुलाने किंवा मुलीने सायकलीचा विषय काढला असेल, त्या घरी आज रात्री एक कोरी वही उघडली जावो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.